एक खोली, दोन बिऱ्हाडं

बाईला दवाखान्यात कुणी आणलंय, हे मला ती दारातून आत येतानाच कळायचं. सासूबरोबर आलेली दोन पावलं मागं असायची. आईबरोबर आलेली रडून आलेली असायची. नवऱ्याबरोबर आलेली स्वतः बोलायची आणि नवरा भिंतीवरची पोस्टरं वाचत बसायचा. एकटी आलेली दिसली की मी नंबर मोडून तिला आधी घ्यायचे. ती घरी काहीतरी थाप मारून आलेली असायची आणि तिचा अर्धा जीव घड्याळात अडकलेला असायचा.

शहागंजच्या मागच्या बाजूला एका धर्मादाय दवाखान्यात मी नर्स होते. नोकरीतली शेवटची बरीच वर्षं मूल न होणाऱ्या जोडप्यांच्या ओपीडीत गेली. आता निवृत्त झालेय. एवढ्या वर्षांत माझ्या सासरच्या मंडळींना मी नेमकं काय करते हे कधी सांगता आलं नाही. कुणी विचारलं तर आमचे हे म्हणायचे, "बायकांच्या वॉर्डात आहे," आणि विषय पाऊसपाण्यावर न्यायचे.

काम तसं सोपं, सांगायलाच अवघड. डॉक्टर मॅडम तपासायच्या, औषध लिहायच्या. मग बाई माझ्या टेबलाशी यायची. सोनोग्राफीला कधी यायचं, स्त्रीबीज किती वाढलंय, ते फुटायचं इंजेक्शन कधी घ्यायचं, आणि त्यानंतर कोणत्या रात्री नवरा-बायकोनं एकत्र यायचं, हे मी समजावायचे. डॉक्टरांच्या कागदावर त्यासाठी एक लांबलचक इंग्रजी शब्द असायचा. मी म्हणायचे, "या तारखांना जवळ राहायचं. भांडण चालू असलं तरी." बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. ओपीडीत माझं नावच 'तारखांची बाई' पडलं होतं आणि मला ते आवडायचं.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. फुलंब्रीकडची एक सासू सुनेला जवळजवळ ओढतच आणायची. मुलाची तपासणी म्हटलं की तिचा आवाज चढायचा. "आमच्या पोरात कायबी खोट नाय, सिस्टर. त्याला इथं बसवू नगा, लई राग येतो त्याला."

मी म्हटलं, "आणा की, रागाचीच तपासणी करू."

तो आला. नमुन्याची डबी घेऊन आत गेला आणि मागच्या दारानं त्यानं थेट बसस्टँड गाठला. आमची डबी अजून त्याच्याकडंच असेल. सुनेला मात्र पुढची दोन वर्षं बाबा, बुवा, काढे, सगळं झालं. अशा वेळी माझं डोकं फिरायचं आणि मी कुणाचीही भीड ठेवायचे नाही. डॉक्टर मॅडम म्हणायच्या, "तुमची जीभ आवरा हो जरा." ती काही आवरली नाही.

पण ज्या जोडप्यानं माझी झोप उडवली ते वाळूजचं.

सुनैना आणि मुकेश. बिहारमधल्या गोपालगंजकडचे. मुकेश वाळूजला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कंत्राटदाराकडं कामाला. त्याचा थोरला भाऊ रामाशिष त्याच कंत्राटदाराकडं आधीपासून होता. त्यानंच धाकट्याला गावाहून आणून कामाला लावलेलं. वडील नाहीत, म्हणून घरात शब्द रामाशिषचा. उपचाराचा खर्चही तोच करायचा. लग्नाला पाच वर्षं झालेली. त्यातली पहिली तीन सुनैना गावी सासूजवळ आणि नवरा वाळूजला. मग दिरानं तिला इकडं आणवून घेतलं, ते मूल होत नाही म्हणून दाखवायला.

या लोकांना आमच्यापर्यंत पोचणं म्हणजे अडथळ्यांची शर्यत होती. सोनोग्राफी सकाळीच व्हायची, आणि सकाळी नवऱ्याची शिफ्ट. एक खाडा झाला की दुसऱ्या दिवशी कंत्राटदार गेटवरूनच माघारी पाठवायचा. आमच्याकडं सवलत होती, पण त्याला रेशनकार्ड इथलं लागायचं, यांचं गावाकडचं. गरोदरपणासाठी योजना, बाळंतपणासाठी योजना, पण दिवसच राहत नसतील तर तुम्ही कुठल्याच खिडकीत बसत नाही. त्यात सुनैनाची बोली माझ्या हिंदीला कळायची नाही आणि माझी हिंदी तिला. आमच्या दवाखान्यातल्या मावशी, शकीलाआपा, मध्ये पडायच्या. त्यांची हिंदी दख्खनी, म्हणजे ती दोघींनाही अर्धीच कळायची. तरी गाडं चालायचं.

तपासण्या झाल्या. तिचं सगळं ठीक. त्याचंही ठीक. डॉक्टरांनी गोळ्या, इंजेक्शनं सुरू केली. मी दर महिन्याला तारखा दिल्या. दर महिन्याला ती परत यायची आणि मान हलवायची. मी विचारायचे, "तारखा पाळल्या ना?" ती म्हणायची, "हाँ दीदी."

रामाशिष नेहमी बरोबर यायचा. कॉरिडॉरमधल्या बाकड्यावर खांद्यावर गमछा टाकून बसायचा. उंच, हाडकुळा, कमी बोलणारा. सुनैना समोरून गेली की हा तोंड भिंतीकडं करायचा, आणि ती घुंगट इतका ओढायची की एकदा दाराच्या चौकटीवर आपटली. तरी हा बघेना, मदतीला उठेना. मला तो माणूस अजिबात आवडला नाही. मी शकीलाआपांना म्हटलं, "काय माणूस आहे! भिंतीशी बोलेल, भावजयीशी नाही."

मग शकीलाआपांनी बाकड्यावरच्या दुसऱ्या बिहारी बायकांकडून विचारून घेतलं. त्यांच्याकडं थोरल्या दिराला भसुर म्हणतात. धाकट्या भावाच्या बायकोनं भसुराला तोंड दाखवायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही. चुकून एकमेकांना हात लागला तरी दोघांना पाप. त्यानंही तिचं नाव घ्यायचं नाही. तो भिंतीकडं तोंड करत होता तो तिचा मान राखत होता.

असे सहा-सात महिने गेले. गणपती झाले तसं रामाशिषनं एकदा मला कॉरिडॉरमध्ये थांबवलं. "मैडम, दवा काम करेगी कि नहीं, साफ बोलिए. छठ पर हम सब गाँव जा रहे हैं. माँ ने कहला दिया है. अबकी कुछ नहीं हुआ तो मुकेश की दुलहिन उधर ही रहेगी."

"उधर ही रहेगी म्हणजे?"

त्यानं खाली बघितलं. "माँ ने लड़की देख रखी है."

छठ म्हणजे त्यांचा मोठा सण, दिवाळीनंतर सहाव्या दिवशी. डॉक्टर मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझ्या हातात होतं ते सगळं झालं. कारण सापडत नाही. आता पुढचं म्हणजे टेस्ट ट्यूब. ते आपल्याकडं नाही, आणि बाहेर यांना जमणार नाही." त्यांचंही खरं होतं. बाहेर पन्नास जणी बसल्या होत्या.

त्या दिवशी सुनैनाला माझ्या टेबलाशी बोलवायला गेले तर ती बाकड्यावर बसल्या बसल्या झोपलेली. भिंतीला डोकं टेकून, तोंड उघडं. मला आठवलं, ही नेहमीच झोपलेली असते. मी हलवून उठवलं आणि चिडूनच विचारलं, "घर में सोती नहीं क्या?"

"दिन में जेठजी सोते हैं," ती म्हणाली. जेठजी म्हणजे रामाशिष.

"मग तू कुठं असतेस?"

"बाहर. सीढ़ी पर."

शकीलाआपांनी तिला चहा आणून दिला, आणि मग एकेक गोष्ट बाहेर पडली. वाळूजजवळच्या रांजणगावात दोघा भावांची मिळून एकच खोली. रामाशिष, त्याची बायको, त्यांची दोन मुलं, आणि हे दोघं. एवढी माणसं एका वेळी आडवी होत नाहीत, म्हणून दोघा भावांनी कंत्राटदाराला सांगून शिफ्टा उलट्या लावून घेतलेल्या. एक रात्री कामावर, तर दुसरा दिवसा, आलटूनपालटून. मुकेश रात्री घरी असला तर शेजारी जाऊ आणि मुलं झोपलेली. तो रातपाळीला असला तर खोलीत भसुर. मग सुनैना साडीच्या पडद्याआड चुलीशी. दिवसा रातपाळीहून आलेला माणूस झोपायचा आणि तो भसुर असला की ही दिवसभर पायरीवर.

मी विचारलं, "आणि आम्ही तारखा द्यायचो, त्या?"

ती चहाच्या कपात बघत राहिली.

"एकदा तरी?"

तिनं मान हलवली. नाही.

इंजेक्शनं घेतली, सोनोग्राफीसाठी बसमध्ये उभी राहून आली, गोळ्यांनी डोकं गरगरलं तरी भाकऱ्या थापल्या. सगळं केलं. फक्त ज्यासाठी ते करायचं, तेवढंच झालं नव्हतं. आणि तिच्या केसपेपरवर आम्ही लिहिलं होतं, 'कारण अज्ञात'. आमच्या सगळ्या प्रश्नांत ती झोपते कुठं, हा प्रश्नच नव्हता. मला इतका संताप आला, की कुणावर काढावा तेच कळेना. शेवटी तिच्यावरच काढला. "मग मला हाँ दीदी, हाँ दीदी का म्हणत होतीस?"

"आप गुस्सा हो जातीं," ती म्हणाली. आणि मी तेव्हाही रागावलेलीच होते.

मुकेशला फोन करून बोलावलं. तो शिफ्ट सुटल्यावर कारखान्याच्या कपड्यांतच आला. मी म्हटलं, वेगळी खोली घ्या. तो दचकला. "दीदी, अलग होने की बात करूँगा तो भैया समझेंगे मैंने घर तोड़ा. बाप की जगह हैं वो." मी म्हटलं, मग भावाशी बोल. "ये बात? भैया से?" त्याचे कान लाल झाले. सुनैना तर घुंगटाच्या आत पार मिटूनच गेली होती.

म्हणजे बोलू शकणारी एकटी मीच. आमच्यात पेशंटची गोष्ट तिसऱ्याला सांगायची नाही, हा पहिला नियम. मी दोघांनाही समोर बसवून विचारलं, "मी बोलू? नीट विचार करून सांगा. एकदा बोललेलं मागं घेता येणार नाही." मुकेशनं मान डोलावली. सुनैनानं आधी नवऱ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "बोल दीजिए. नहीं तो हम वहीं रह जाएँगे."

पुढच्या खेपेला मुकेशही खाडा करून आला होता. रामाशिषला मी इंजेक्शनच्या खोलीत बोलावलं. दार अर्धं उघडं ठेवलं. शकीलाआपा बाहेर फडकं मारत उभ्या राहिल्या, म्हणजे कुणी आत यायला नको. तो खुर्चीवर बसला नाही. मीही उभीच राहिले. किती जणांना मी किती नाजूक गोष्टी सांगितल्या असतील, पण त्या दिवशी पहिलं वाक्य मी आदल्या रात्रीच जुळवून ठेवलं होतं. याच्या एका शब्दावर त्या पोरीचा पुढचा सगळा जन्म होता.

मी म्हटलं, "भैया, मुकेशमध्ये दोष नाही. तिच्यातही नाही. औषधाचाही दोष नाही." आणि मग हिंदीत, शक्य तेवढं सरळ, "दोनों को कभी कमरा मिला ही नहीं. दवाई क्या करेगी?"

पहिल्यांदा त्याला कळलंच नाही. मग कळलं. ते कळताना मी त्याचा चेहरा बघत होते. मानेपासून वर कानापर्यंत रक्त चढत गेलं. त्यानं गमछा खांद्यावरून काढला, मुठीत आवळला.

"ये आप औरत होके बोल रही हैं," तो म्हणाला. आवाज अगदी खाली होता, म्हणून जास्त भीती वाटली. "हमारे घर की बात. हमसे."

"दुसरं कोण बोलणार होतं?"

तो निघून गेला. दोघांना घेऊन गेला. मागं वळून बघितलं नाही. शकीलाआपा आत आल्या आणि म्हणाल्या, "अब नक्को आते वो लोगां. मरद का पानी उतार दिये तुम."

ते आले नाहीत. ठरलेल्या तारखेला सुनैना आली नाही. मुकेशचा फोन लागेना. डॉक्टर मॅडमना कळलं तेव्हा त्या चांगल्याच तापल्या. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं? आता तो तिला छठआधीच गावी पाठवेल!" नवरात्र गेलं, दसरा गेला. घरी फराळाचं करताना माझं लक्ष लागेना. चकल्या करपल्या. आमचे हे म्हणाले, "एवढं काय मनाला लावून घेतेस, पेशंट येतात, जातात." मी म्हटलं, "ही येत नाही, तेच तर." मला रोज डोळ्यांपुढं गोपालगंजची गाडी दिसायची आणि तिच्यात घुंगट घेऊन बसलेली ती. वाटायचं, गप्प बसले असते तर निदान छठपर्यंतचे दिवस तरी तिला मिळाले असते.

दिवाळीच्या सुटीनंतर ओपीडी उघडली. पाडवा नुकताच झालेला, गर्दी तुरळक. दारात रामाशिष उभा. एकटाच.

"आइए," मी म्हटलं. तो आला, टेबलाच्या कडेशी उभा राहिला, आणि माझ्यामागच्या कॅलेंडरकडं बघत म्हणाला, "तारीख बता दीजिए."

"कसली? डॉक्टरांना भेटायची?"

"नहीं." त्यानं आवाज खाली आणला. "वो जो आप मुकेश को बताती हैं. हमको पहले से चाहिए होगी. इंतजाम करना पड़ता है."

मी पेन खाली ठेवलं. तोच बोलत राहिला, कॅलेंडरशी. कंत्राटदाराला सांगून त्यानं कायमची रातपाळी मागून घेतली होती. ती कुणालाच नको असते, म्हणून लगेच मिळाली. मुकेश कायम दिवसा. त्या तारखांना रामाशिषची बायको मुलांना घेऊन शेजारच्या गाववाल्यांकडं झोपायला जाणार. "उसको बोलूँगा, साधु बाबा ने बताया है." आणि छठला तो फक्त बायकामुलांना घेऊन जाणार होता. ही दोघं इथंच.

"आणि आई?"

"माँ को बोल दूँगा छुट्टी नहीं मिली. लड़की वालों को भी मना कर दूँगा. माँ को मैं देख लूँगा."

तरी मी मुकेशला फोन लावला. या वेळी लागला. "हाँ दीदी, भैया को बता दीजिए," तो म्हणाला. मागून सुनैनाचाही आवाज आला, "बता दीजिए," आणि फोन बंद झाला.

मी तारखा सांगितल्या. ज्या बाईचं नाव घ्यायची त्याला मुभा नाही, तिच्या तारखा त्या माणसानं बोटांच्या पेरांवर मोजून पाठ केल्या. मला वाटतं, त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा तारखा सांगताना माझी मान खाली होती.

छठला ती दोघं खोलीत एकटी राहिली. तरी त्या महिन्यात काही झालं नाही. पुढच्यातही नाही. लगेच होतं असं नाही, हे मी शंभर वेळा लोकांना सांगितलेलं, पण आता मलाच धीर धरवेना. दर महिन्याला रामाशिष यायचा. रातपाळी करून थेट, डोळे तांबारलेले. तो दारात दिसला की समजायचं, या खेपेलाही नाही. गावाहून आईचे फोन येत होते. संक्रांत गेली. होळीला तर आई स्वतःच इकडं यायचं म्हणते, असं तो म्हणाला. "तब हम कुछ नहीं कर पाएँगे, मैडम." पहिल्यांदाच मला तो घाबरलेला दिसला. मी तारखा दिल्या. तो गेल्यावर शकीलाआपांनी वर हात केले आणि काहीतरी पुटपुटल्या. मीही मनातल्या मनात सगळे देव आठवले.

होळीच्या आधल्या आठवड्यात सुनैना मुकेशबरोबर आली. चार दिवस वर झाले होते. तपासणी केली. डॉक्टर मॅडमनी दोनदा बघितलं, मग मला बोलावून पट्टीवरच्या दोन रेघा दाखवल्या. सुनैनानं माझा हात धरला तो सोडेना. रडणं नाही, हसणं नाही. जाताना दारातून परत आली आणि म्हणाली, "घर में कैसे बोलें? जेठजी को आप ही बोल दीजिएगा."

दोन दिवसांनी रामाशिष आला. कॅलेंडरकडं बघत उभा राहिला.

मी म्हटलं, "इस महीने तारीख नहीं है."

त्याचा चेहरा पडला. "दवा बंद कर दी? मैडम, एक-दो महीना और. माँ को हम रोक लेंगे. रातपाली पक्की है हमारी, किसी को..."

"भैया, अब तारीख की जरूरत नहीं है."

तो माझ्याकडं बघत राहिला. सरळ माझ्याकडं. मग खुर्ची ओढून बसला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा बसला. गमछ्यानं तोंड पुसलं, परत पुसलं. माझेही डोळे भरून आले होते आणि मला ते लपवावंसं वाटलं नाही.

मग त्यानं विचारलं, "तो अब हम रात को घर सो सकते हैं?"

"सोना ही पड़ेगा," मी म्हटलं. "दिन में आप सोओगे तो वो सीढ़ी पर बैठी रहेगी. अब उसको दिन में लेटना है. खाट उसको चाहिए."

"हमारी खटिया पर वो नहीं लेटेगी, मैडम," तो म्हणाला. "रिवाज नहीं है."

मी आता भांडायच्या बेतात होते. पण तो उठला होता. "नई ले लेते हैं," म्हणाला, आणि शहागंजच्या बाजूला चालायला लागला.

थोड्या वेळानं शकीलाआपांनी मला खिडकीशी बोलावलं. रस्त्याच्या पलीकडं रामाशिष डोक्यावर नवीकोरी लोखंडी खाट घेऊन उभा होता, नायलॉनच्या हिरव्या पट्ट्यांची. रिक्षावाले त्याला नाही म्हणत होते. एक, दोन, तीन. शेवटी त्यानं खाट नीट तोलली आणि तो वाळूजच्या रस्त्याला पायीच निघाला.

"अगे, उस खोली में ये मावेगी कैसी?" शकीलाआपा म्हणाल्या.

"नाहीच मावणार," मी म्हटलं.